सुई यंत्राच्या हाती गेली तर?

बारावीचे निकाल लागले की पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील पुष्कळ घरांतून एकच खल सुरू होतो : मुलीला पुढे कोठे घालावे? परिचारिकेचा अभ्यासक्रम आणि रोगनिदान-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम ही दोन नावे त्यात हटकून निघतात. काम प्रतिष्ठेचे, गरजेचे आणि गावापासून फार दूर न जाता मिळण्याजोगे, असा पालकांचा हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही. यंदा मात्र त्या हिशेबात एक नवी शंका शिरलेली आम्हांस दिसली. परदेशात रुग्णाचे रक्त काढणारे यंत्र निघाले आहे. त्याची चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी पोहोचली आहे. ती पाहून एका पालकांनी आम्हांस सरळच विचारले, "सर, सुई टोचायचे कामसुद्धा यंत्रच करू लागले, तर आमच्या मुलीने इतकी वर्षे शिकून करायचे काय?"

प्रश्न रास्त आहे. 'काही होत नाही, घाबरू नका' असे म्हणून तो टाळणे सोपे, आणि 'आता सारे संपले' असा सुस्कारा टाकणेही तितकेच सोपे. परंतु ज्या कामाविषयी बोलावयाचे ते काम नीट पाहिल्यावाचून यांपैकी कोणतेही उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

रक्त काढणे हे काम पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटते. कासारवर्णे, तुये, डिचोली, साखळी, कोठल्याही आरोग्य केंद्रात सकाळी जावे. उपाशीपोटी आलेली मंडळी बाकावर बसलेली असतात. एकेकाचे नाव पुकारले जाते, दंडाला पट्टा आवळला जातो, आणि पुरती दोन-तीन मिनिटे होतात न होतात तोच माणूस कोपराच्या खळगीवर कापूस दाबीत बाहेर येतो. परंतु तेवढ्या अवधीत किती गोष्टी सांभाळाव्या लागतात! पट्टा मिनिटाहून फार अधिक काळ आवळलेला राहिला तर रक्तातील घटकांचे प्रमाण बदलू लागते. बारीक सुईतून रक्त जोराने ओढले तर तांबड्या पेशी फुटतात, आणि रुग्णाच्या शरीरात पोटॅशियम वाढले नसताना अहवालात वाढलेले दिसते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, म्हणून ती भरल्यावर हलक्या हाताने उलटीसुलटी करावयाची, घुसळावयाची नाही. करड्या टोपणाच्या नळीतील द्रव्य पेशींना साखर खाऊ देत नाही. कोणती नळी आधी आणि कोणती मागून भरावयाची याचाही क्रम ठरलेला आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नळीवरचे नाव रुग्णासमक्ष, त्याला विचारून घालावयाचे. एकाच वाड्यावरच्या, एकाच आडनावाच्या दोघीजणी शेजारी बसल्या असतील तर केवढा घोटाळा होऊ शकतो, हे गोव्याच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. प्रयोगशाळेच्या बहुतेक चुका प्रत्यक्ष तपासणीत होत नसून तपासणीच्या आधीच होतात, असे या शास्त्रातील जाणकार सांगतात, ते याच कारणाने.

आणि मुळात शीर सापडावी लागते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शिरावेधाचे विवेचन आहे. तेथील हेतू तपासणीचा नव्हे, उपचाराचा. परंतु शिरांच्या चंचलपणाला तेथे माशांची उपमा दिलेली आहे, आणि या कामात पुरता निष्णात असा कोणीच नसतो, अशी मोकळी कबुलीही आहे. शापोरा नदीच्या काठी वाढलेल्या मुलांना ही उपमा समजावून देण्याची गरज नाही. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा कातडीखाली सरकतात. लहान मुलांच्या दिसत नाहीत. लठ्ठ माणसाच्या खोल असतात. वारंवार सुया टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या शिरा कठीण होऊन बसतात. आणि जन्मभर शेतात वा खाणीत राबलेल्या हाताची कातडी इतकी राठ झालेली असते की बोटाला खालचे काही कळता कळत नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आमच्या हातात दोनदा सुई गेली आणि दोनदाही रक्त आले नाही. टोचणारा तरुण आमच्याहून अधिक घामाघूम झाला होता. शेवटी त्याने आतल्या खोलीतील वयस्क परिचारिकेस हाक मारली. त्या बाईंनी आमच्या हाताकडे पाहिलेदेखील नाही. खिडकीबाहेर दृष्टी लावून तर्जनीने कोपराची खळगी दोन-तीनदा हलकेच दाबली, आणि पुढच्या क्षणी नळीत रक्त उतरू लागले. आम्ही कौतुकाने विचारले, "आजवर किती जणांचे रक्त काढले असेल आपण?" त्या हसून म्हणाल्या, "तें कोणें मेजलां?"

या उत्तराकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे. आधी यंत्राची हकिकत सांगतो.

रक्ताच्या तपासणीत यंत्र आज प्रथमच येत आहे असे नव्हे. १९४९ साली अमेरिकेत जोसेफ क्लायनर याने निर्वात नळीचे पेटंट मिळविले. आजच्या रंगीत टोपणांच्या नळ्या तिच्याच वंशातील. आतली पोकळी रक्त आपोआप ओढून घेते, दट्ट्या ओढण्याची गरज उरत नाही. १९५३ साली वॉलेस कूल्टर यास रक्तपेशी मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. तत्पूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, आखलेल्या काचेवर एकेक पेशी मोजावी लागे. १९५७ साली लिओनार्ड स्केग्ज याच्या कल्पनेवर आधारलेले, रक्तातील साखर, युरिया इत्यादी द्रव्ये ओळीने मोजणारे यंत्र बाजारात आले. त्या वेळीही, प्रयोगशाळेतील माणसांचे आता काय होणार, ही चिंता कोणास वाटली नसेल असे नाही.

झाले ते मोठे विलक्षण. मोजणी झटपट आणि स्वस्त झाली, म्हणून डॉक्टर अधिक तपासण्या सांगू लागले. तपासण्या वाढल्या, म्हणून रक्ताचे नमुने अधिक लागू लागले. आणि नमुना काढण्याचे काम तर हातांनीच करावयाचे, म्हणून ते हात अधिक लागू लागले. म्हणजे ज्या हस्तकामाविषयी आपण आज चिंता करीत आहो, ते आजच्या एवढे वाढले आहे ते यंत्रामुळेच! गोव्यापुरते बोलावयाचे तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. चौघांत एक! बोटाला टोचून साखर पाहण्याचे लहान उपकरण आता कित्येक घरांत आहे. तरी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, मूत्रपिंडाची तपासणी, चरबीची तपासणी यांसाठी या मंडळींना वरचेवर हात पुढे करावाच लागतो.

आता नवे यंत्र. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली आपल्या यंत्राच्या मानवांवरील पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्याने शीर शोधावयाची, तिची खोली मोजावयाची आणि त्या मापाने सुई आत सारावयाची, अशी त्याची योजना. नेदरलँड्समधील व्हिटेस्ट्रो या संस्थेने याच जातीचे 'अलेट्टा' नावाचे यंत्र सिद्ध केले असून, २०२४ च्या अखेरीस त्यास युरोपात विक्रीसाठी लागणारी मान्यता मिळाली. रुग्णाने हात ठेवावयाचा. निकट-अवरक्त प्रकाश आणि ध्वनिलहरी शीर हेरतात. सुई टोचणे, नळ्या भरणे हे पुढचे सर्व यंत्र करते. एका प्रशिक्षित व्यक्तीने एकाच वेळी अनेक यंत्रांवर नजर ठेवावी, ही त्यामागची कल्पना. युरोपातील इस्पितळांस या कामासाठी माणसे मिळेनाशी झाली आहेत. तेव्हा हा उद्योग त्यांनी हौसेखातर आरंभिला असे म्हणता येणार नाही.

रटगर्सच्या चाचणीतील आकड्यांकडे आमच्या विद्यार्थ्यांनी अंमळ थांबून पाहावे; गणिताच्या तासाला शोभेल असे ते उदाहरण आहे. एकंदर ३१ जणांवर यंत्र वापरले. यश ८७ टक्के. त्यांपैकी ज्यांच्या शिरा सहज सापडण्याजोग्या होत्या अशा २५ जणांत यश ९७ टक्के. मग उरलेल्या सहा जणांत किती? ज्याने त्रैराशिक केले असेल त्यास हे उत्तर निम्म्याच्या आसपास आलेले दिसेल. चाचणी लहान होती, यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत आणि पुढेही सुधारतील, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पहिल्याच परीक्षेत यंत्राने आपला स्वभाव दाखविला आहे : जी शीर कोणासही सापडेल ती त्यास उत्तम सापडते, जी अवघड, तिच्यापाशी ते अडखळते. उद्या असे यंत्र आपल्याकडे आलेच, तर साहजिकच त्याच्यापुढे तरण्याताठ्या, ठसठशीत शिरांच्या माणसांची रांग लागेल. आणि आजी, तान्हे मूल, वारंवार सुया घेऊन जर्जर झालेला रुग्ण यांना 'तुम्ही तिकडे बसा' असे सांगून माणसाकडे धाडले जाईल.

वरकरणी ही वाटणी उत्तम दिसते. सोपे काम यंत्राने करावे, अवघड माणसाने. यात बिघडले काय? कित्येक सुबुद्ध माणसेही येथेच समाधान मानून थांबतात. आमचा आक्षेप नेमका येथे सुरू होतो. त्या परिचारिकाबाईंच्या बोटाला अवघड शीर ओळखता आली, ती कशाच्या बळावर? न मोजलेल्या हजारो सोप्या शिरांच्या बळावर. सोप्या हातांवरच अवघड हाताची विद्या तयार होते. सारे सोपे हात यंत्राने नेले, तर नव्या मुलीने शिकावयाचे कोठे? पहिल्याच दिवशी तिच्यापुढे ऐंशी वर्षांच्या आजीचा हात ठेवावयाचा काय?

पाडेल्याचा धंदा आपण सर्वांनी पाहिला आहे. उंच, वाकडा, पावसाने निसरडा झालेला माड चढणारा पाडेली आईच्या पोटातून तसा येत नाही. पोरवयात तो बुटक्या माडांवर चढतो, घसरतो, ढोपरे फोडून घेतो, आणि मग त्याचे पाय उंच माडाला धजतात. आज गोव्यात पाडेली मिळत नाहीत म्हणून बागायतदार हवालदिल आहेत. नारळ झाडावरच सुकतात. माडावर चढण्याची यंत्रे आली आहेत, आणि सरळ माडावर ती ठीक चालतातही. परंतु वाकड्या माडाचे काय, हा प्रश्न ज्याच्या परसात असा माड आहे त्यास विचारावा. चढणारे पाय एकदा नाहीसे झाले की पैसे मोजूनही ते परत मिळत नाहीत.

पेडण्यासारख्या तालुक्यात तर ही गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. मोपा येथे विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीपासून तेथून विमाने उडू लागली, तेथे चेहरा ओळखून आत सोडणारी यंत्रेही आहेत, हे सर्व खरे. तरी पहिल्या पावसाच्या वादळवाऱ्यात वीज गेली की ती कधी येईल याचा नेम आजही सांगता येत नाही. नाजूक यंत्र बिघडले आणि दुरुस्तीचा माणूस परगावाहून यावयाचा असला, तर तेवढे दिवस रुग्णांनी काय करावे? त्या वेळी जुन्याच हाताची आठवण होणार. आणि तो हात मधल्या काळात सवय मोडून बसलेला असणार.

डिचोलीच्या वाचकांना यंत्राचा महिमा पुस्तकातून शिकावा लागत नाही. तालुक्यातील खाणींत प्रारंभी खनिज हातांनी खणले जाई आणि पाट्यांत भरून डोक्यावरून वाहिले जाई. त्यात बायकाही होत्या. मग यांत्रिक फावडी आली, डंपर आले, सरकते पट्टे आले. मानेचा काटा ढिला करणारे ते ओझे गेले, याबद्दल कोणी अश्रू गाळू नयेत. जुन्या कष्टांचे गोडवे गाणारी माणसे बहुधा ते कष्ट न केलेली असतात. परंतु पाटी वाहणारी बाई डंपरची चालक झाली नाही, हेही विसरता येत नाही. यंत्राचा लाभ एकाच्या पदरात पडला आणि तोटा दुसऱ्याच्या. पुढे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद झाल्या तेव्हा तर ट्रकही दारांत उभे राहिले आणि माणसेही. म्हणून कोणतेही नवे यंत्र येताना, काम किती वाचणार एवढेच न विचारता ते कोणाचे वाचणार आणि वाचलेल्या वेळाचे काय होणार, हे विचारण्याचा हक्क डिचोलीकरांनी अनुभवाने मिळविला आहे, असे आम्ही समजतो.

यावरून आम्ही यंत्राचे वैरी आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. यंत्र कसे यावे याचा एक चांगला दाखला आपल्या गोव्यातच आहे. २०१८ च्या अखेरीस येथे 'स्टेमी' योजना सुरू झाली. छातीत कळ आलेल्या रुग्णाचा हृदयालेख जवळच्याच केंद्रात काढावयाचा, तो दूर बसलेल्या तज्ज्ञांना क्षणार्धात पाठवावयाचा, आणि तसा सल्ला मिळाल्यास रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध तेथेच देऊन मग रुग्णास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे हलवावयाचे. या योजनेत यंत्राने गावातील माणसाला बाजूस सारले नाही. उलट रुग्णाच्या छातीवर तारा चिकटविणाऱ्या गावातल्या हाताचे मोल वाढविले, कारण त्याच्या मागे आता बांबोळीचे डोळे उभे राहिले. रक्त काढण्याच्या कामातही यंत्राने असाच सोबती होऊन यावे. कातडीखालची शीर उजेडात उठवून दाखविणारी लहान उपकरणे निघालेलीच आहेत. सुई मात्र माणसाच्याच हातात राहते. आमच्या तालुक्यांतील केंद्रांना अशी उपकरणे आधी मिळाली, तर तान्ह्या मुलांच्या कित्येक किंकाळ्या वाचतील. नळीवर रुग्णासमक्ष छापील नाव चिकटविणारे यंत्र तर आजच सर्वत्र हवे. तेथे माणसाच्या अक्षराचा अभिमान धरण्यात काही अर्थ नाही.

संपूर्ण स्वयंचलित यंत्र आणावयाचेच असेल, तर ते रोज शेकडो माणसांची रांग लागते अशा मोठ्या इस्पितळात खुशाल यावे. मात्र त्याने सुटलेला माणसांचा वेळ वेतनपटातून वजा न होता केरी-तेरेखोलच्या किंवा मये-नार्व्याच्या घरांकडे वळावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रक्त देण्यासाठी आज भाड्याची गाडी करून आणावे लागते. चार नळ्यांसाठी घरातल्या दोघांची मजुरी बुडते. २०१६ साली शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप पसरला, त्याच्या आदल्या वर्षी सत्तरीतील पाळी गाव त्याने हादरला होता. असा ताप येतो तेव्हा वाड्यावर जाऊन, घाबरलेल्या माणसाशी त्याच्या बोलीत चार शब्द बोलून नमुना घेणारा माणूस लागतो. आणि सुई पाहताच ज्याचा चेहरा पांढरा पडतो त्याला वेळीच आडवे निजविण्याचे कामही, तूर्त तरी, शेजारी उभा असलेला माणूसच अधिक खात्रीने करतो.

राहिला शिकण्याचा प्रश्न. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा केला. प्रयोगशाळा-तंत्रज्ञांचे शिक्षण त्याच्या कक्षेत येते. अभ्यासक्रम काय असावा हे ठरविणाऱ्यांनी, विद्यार्थ्याने किती तास वर्गात बसावे याबरोबरच त्याने देखरेखीखाली किती हातांतून स्वतः रक्त काढलेले असावे, हेही नि:संदिग्ध सांगावे. आणि जे इस्पितळ यंत्र घेईल त्याने शिकणाऱ्यांसाठी सोप्या हातांचा ठरावीक वाटा राखून ठेवावा. रुग्णांनीही त्यास संमती देण्याचे औदार्य दाखविले पाहिजे. आमच्या हातात दोनदा सुई फुकट गेली तेव्हा आम्ही त्या तरुणावर मनातून रागावलो होतो, हे कबूल करतो. आता वाटते, पुढच्या कोणाच्या तरी हातासाठी ती किंमत आम्ही भरली.

त्या पालकांना आम्ही सांगितले की, मुलीला खुशाल पाठवा. काम आहे आणि राहील. मात्र प्रवेश घेताना इमारत केवढी, यंत्रे कोणती, एवढेच पाहून परत येऊ नका. शेवटच्या वर्षापर्यंत विद्यार्थिनीस स्वतःच्या हाताने किती जणांचे रक्त काढावयास मिळते, आणि त्यांत वृद्ध किती, मुले किती, हे तेथे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर दुसरी संस्था पाहा. त्यांनी खिशातून कागद काढला आणि तो प्रश्न आमच्याकडून दोनदा वदवून उतरून घेतला.